बाभळीचा काटा आणि होशंगाबादचे विज्ञान

विज्ञानशिक्षणाचा एक मोठा प्रयोग नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात (आजच्या नर्मदापुरमात) झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ साली सहावी ते आठवीच्या १६ शाळांत तो आरंभिला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा वाहिली.

‘बाल वैज्ञानिक’ या हिंदी पाठ्यपुस्तकात व्याख्यांची जंत्री नव्हती. प्रयोग होते आणि प्रश्न होते. उत्तर मुलाने स्वतः करून शोधावयाचे. परीक्षेलाही पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा असे. आमच्यासारख्या घोकंपट्टीवर पोसलेल्या पिढीला हे ऐकूनच धडकी भरावी!

खरा पेच साहित्याचा होता. फूल उकलावयास सुई हवी. ती जागा बाभळीच्या काट्याने घेतली. १९७८ साली अरविंद गुप्ता हे तरुण अभियंता पुण्याच्या कारखान्यातून रजा घेऊन तेथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे लहान तुकडे आणि आगकाड्या यांतून त्यांनी भूमिती उभी केली. काड्यांचे गूल खरवडून टाकावे, ट्यूबच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खोचावी, झाला सांधा. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलून समभुज चौकोन होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र तसूभर हलत नाही. छपराच्या कैचीत सुतार त्रिकोण का घालतो, हे त्या मुलास सांगावे लागत नाही. प्रयोगशाळेच्या कुलूपबंद कपाटातील विज्ञान अशा रीतीने ओसरीवर आले, आणि बरोबर काय हे ठरविण्याचा अधिकार काही अंशी गुरुजींच्या हातून मुलाच्या हाती गेला. माझ्या मते या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व येथेच आहे.

२००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांत घडलेले शिक्षक एका आदेशाने पुन्हा नेहमीच्या पुस्तकाकडे वळविले गेले, याची खंत वाटते. काड्यांची भूमिती मात्र टिकली. १९८७ च्या गुप्तांच्या पुस्तकातून ती दूरवर गेली होती. पुढे २००३ पासून पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञानकेंद्रात ते स्वतः अनेक वर्षे मुलांसमवेत तीच खेळणी करीत बसत.