आवंढा आणि खोड

‘आवंढा गिळणं’ हा आपल्या भाषेतला किती साधा वाक्प्रचार आहे बघा. दुःख आलं, घसा दाटला, माणसानं आवंढा गिळला. यात आपल्याला आजार दिसत नाही. युरोपातल्या वैद्यकाला मात्र घशात गोळा अडकल्याच्या या भासात दिसला, आणि त्याचं नाव पडलं ‘ग्लोबस हिस्टेरिकस’. ग्लोबस म्हणजे गोळा. हिस्टेरिया आला ग्रीक ‘हिस्टेरा’वरून, म्हणजे गर्भाशय. गर्भाशय वर सरकतं आणि बाईचा गळा आवळतं, ही जुनी समजूत त्या नावात मुरलेली होती. गोळा पुरुषांच्याही घशात येतो, पण नावापुढे कोण बोलणार!

१७०७ मध्ये जॉन पर्सेल या इंग्रज वैद्यानं लिहिलं, की मानेचे स्नायू आवळल्यामुळे कंठावर दाब येतो. तरी नाव टिकलं. १९६८ मध्ये माल्कमसन यांना असे बहुतेक रुग्ण हिस्टेरियाचे दिसेनात, तेव्हा त्यांनी ‘ग्लोबस फॅरिंजिस’, घशातला गोळा, एवढंच नाव सुचवलं. (घास खरोखरच अडकत असेल तर तो डिसफेजिया. ती गोष्ट निराळी. तिथं डॉक्टरकडे जायचंच.)

दुसरा शब्द ‘टिक’. डोळे मिचकावणं, मान झटकणं, सारखं खाकरणं. १८८५ मध्ये पॅरिसमध्ये जिल द ला तुरेत यांनी असे नऊ रुग्ण मांडले आणि विकार आनुवंशिक आहे असं म्हटलं. इंग्रजीत मात्र ‘हॅबिट स्पॅझम’ हेही नाव चालायचं. आता सवय म्हटली, की ती मोडायची जबाबदारी कुणाची? ज्याला आहे त्याची. १९२१ मध्ये फेरेन्झी या मनोविश्लेषकानं तर टिकचा संबंध कामवासनेशी जोडला.

आपण म्हणतो ‘खोड’. माझा थोरला भाऊ डोळे मिचकवायचा. वडील म्हणायचे, खोड मोडली पाहिजे. शाळेत त्याला बाकावर उभं करायचे. तो रोखायचा हो, मिनिट-दोन मिनिटं अगदी घाम फुटेपर्यंत रोखायचा, आणि मग ते सुरू व्हायचंच. पुढे जन्मभर मी वर्गात ऐच्छिक आणि अनैच्छिक कृती असे दोन कप्पे शिकवले. भाऊ त्यातल्या कुठल्याच कप्प्यात बसत नव्हता.

हॅलोपेरिडॉल या औषधानं टिक कमी झाल्याची नोंद १९६१ ची, फ्रान्समधली. त्या वर्षी भाऊ सातवीत होता, शेवटच्या बाकावर, उभा.