शिकारी रायफल, बोल्ट-अ‍ॅक्शन (सातारा-सांगली)

हाताने बोल्ट मागे-पुढे करून दर वेळी एकच काडतूस भरणारी आटेदार नळीची बंदूक. बोल्टची दांडी उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून खाली दाबली की नवे काडतूस नळीत बसून बोल्ट घट्ट अडकतो. सुटे भाग थोडे, म्हणून बिघाडही कमी. माउझर व ली-एन्फिल्ड या लष्करी रचना हिच्या मुळाशी आहेत. इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल ली-एन्फिल्डच्याच घडणीची; .३०३ लष्करी बोअर म्हणून नागरिकांस निषिद्ध, त्यामुळे हा निराळा बोअर रूढ झाला.

हलकी रायफल सह्याद्रीच्या चढणीवर सोयीची खरी, पण तीच काडतुसे हलक्या बंदुकीतून उडवली की खांद्याला धक्का अधिक बसतो. विकत घेणारे वजन पाहतात, धक्का विसरतात.

खरेदीसाठी शस्त्र अधिनियम १९५९ खालील परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. हौशी शिकार मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ व त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर संपली. शिवाय या भागातील कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पिकात रानडुकरे शिरली तरी शेतकऱ्याला परस्पर गोळी झाडता येत नाही. मुख्य वन्यजीव रक्षक वा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शिकार नसली तरी नेमबाजीचा सराव रायफल क्लबच्या .२२ रायफलीवर होतो.