खंबायतची बेगम

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शाळेच्या पुस्तकांनी ती पाठच करून घेतलेली असतात. पुढील दीडशे वर्षांत गुजरातच्या या पट्ट्यात मराठी फौजा आल्या, त्यांच्या छावण्या पडल्या आणि उठल्या, चौथाईची वसुली झाली, तहनामे झाले. या फौजांकडे इथल्या घरांतून, पडद्याआडून, कोणी कसे पाहिले असेल याचा विचार मात्र मराठी इतिहासलेखनात क्वचितच आढळतो. नवागाम-डिंडोलीच्या परिसरात आज जी मोठी खानदेशी वस्ती आहे ती पोटापाण्यासाठी आलेली आहे. तिच्याआधी आलेले मराठे हाती तलवार घेऊन आले होते. त्या तलवारीच्या सावलीत जुळलेल्या एका विवाहाची ही हकीकत आहे. विवाह मराठ्यांच्या सेवेतील एका फिरंग्याचा; वधू खंबायतच्या नवाबी घराण्यातील.

सुरतेच्या उत्तरेस, आखाताच्या टोकाशी वसलेले खंबायत एके काळी सुरतेहूनही मोठे बंदर होते. आखात गाळाने भरत गेले, जहाजे सुरतेकडे वळली आणि खंबायत मागे पडले. तेथील नवाब मोमीनखानाच्या घराण्यातले. १७५६ मध्ये दुसऱ्या मोमीनखानाने मराठ्यांच्या हातून अहमदाबाद घेतले होते, परंतु १७५८ मध्ये त्याला ते सोडावे लागले. पेशव्यांना खंडणी देऊन खंबायत राखायचे, हाच यानंतर त्या घराण्याचा मार्ग उरला. दाराशी आलेल्या मराठी वकिलाला 'नाही' म्हणणे त्या दरबाराला किती जड जात असेल, हे यावरून ध्यानात यावे.

विल्यम लिनियस गार्डनर हा असाच एक वकील. त्याचा जन्म १७७० च्या सुमारास अमेरिकेत, न्यूयॉर्क प्रांतात हडसन नदीच्या काठी झाला. बाप इंग्रजी फौजेत मेजर आणि घराणे सरदारी. हिंदुस्थानात आल्यावर इंग्रजी नोकरी सोडून, १७९८ च्या सुमारास, तो यशवंतराव होळकरांच्या पदरी राहिला. त्या काळी शिंदे-होळकरांना युरोपीय पद्धतीने कवायत शिकविणारे अंमलदार हवे असत. डी बॉईन, पेरॉन ही शिंद्यांकडील नावे प्रसिद्धच आहेत. गार्डनरने होळकरांसाठी पायदळाचा एक कंपू उभा केला आणि होळकरांनी त्याला तहाच्या वाटाघाटीसाठी खंबायतकडे धाडले.

पुढची हकीकत गार्डनरनेच म्हातारपणी फॅनी पार्क्स या इंग्रज प्रवासी बाईला सांगितली आणि तिने ती १८५० मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात छापली. दरबारात बोलणी चालू असताना बाजूचा पडदा किंचित हलला आणि दोन काळेभोर डोळे त्याच्या दृष्टीस पडले. त्यानंतर कलमे आणि अटी कुठल्या कुठे गेल्या! डोळे कोणाचे याचा त्याने शोध केला आणि त्या मुलीला मागणी घातली. घरच्यांनी प्रथम संतापाने नकार दिला. मग त्यांनी फेरविचार केला. वकील वजनदार होता. त्याचे मागणे मोडणे परवडणारे नव्हते. होकार मिळताच गार्डनरने बजावले की आपल्याला फसवू नये, ते डोळे आपण ओळखू. विवाहाच्या दिवशी दोघांमध्ये आरसा धरला गेला. आरशात तेच डोळे दिसले. तो हसला, आणि तीही हसली. तेव्हा तिचे वय तेरा होते.

इंग्रजी लेखकांना ही गोष्ट फार आवडते आणि ती गोड आहेच. परंतु ती सारी त्या पुरुषाच्या तोंडची आहे. घरच्यांनी 'फेरविचार' केला या एका वाक्यात खंबायतच्या दोन पिढ्यांची लाचारी दडलेली आहे. गार्डनरमागे होळकरांची फौज नसती, तर त्याच्या मागणीचे उत्तर पहिल्या नकारापाशीच संपले असते. मुलीला कोणी काही विचारले होते काय, याविषयी गोष्टीत एक अक्षर नाही. आरशातले हसू तेवढे तिचे. तेही त्याने पाहिलेले.

या गोष्टीचा उत्तरार्ध इंग्रजी पुस्तकांत साहसकथा म्हणून येतो, पण त्याचे खरे मोल निराळे आहे. १८०३ च्या सुमारास, इंग्रज-मराठे युद्धाच्या धामधुमीत, होळकरांनी गार्डनरला लॉर्ड लेककडे बोलणीसाठी पाठविले. परतायला त्याला उशीर झाला. भर दरबारात यशवंतरावांनी त्याच्यावर फितुरीचा आळ घेतला आणि सुनावले की तो आज आला नसता तर त्याच्या डेऱ्याच्या कनाती पाडल्या असत्या. कनातीच्या आत बेगम होती. गार्डनरने तलवार उपसून होळकरांवर धाव घेतली. लोक मध्ये पडले आणि त्या गोंधळात तो घोड्यावर बसून निसटला. ज्याने एका हललेल्या पडद्यातून परक्या घरातली मुलगी पाहिली आणि मागून घेतली, तोच आपल्या घराचा पडदा पाडण्याची भाषा ऐकताच जिवावर उदार झाला. हा विरोधाभास त्याला स्वतःला जाणवला असेल असे त्याच्या सांगण्यावरून वाटत नाही.

पुढे तो बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव याच्या हाती सापडला. इंग्रजांविरुद्ध लढ, नाही तर तोफेच्या तोंडी देतो, असा धाक घालून त्याला तोफेला बांधण्यात आले. मग शिक्षा लांबवून पहाऱ्यात ठेवले गेले. एके दिवशी कड्याच्या काठाने चालत असताना 'बिस्मिल्ला' म्हणून त्याने पन्नास-एक फूट खाली उडी घेतली. खाली नदी होती ती तापी, असे सांगतात. खानदेशातून वाहत सुरतेला येणारी तीच तापी. अखेरीस घसाऱ्याच्या वेशात तो लेकच्या छावणीत पोचला.

तो निसटला खरा, परंतु बेगम होळकरांच्या छावणीतच राहिली होती. ते दिवस तिने कसे काढले असतील! तिच्या माहेरच्या वजनामुळे तिला सोडून देण्यात आले, असे इतिहास सांगतो. म्हणजे ज्या खंबायतला वकिलाचे मागणे मोडता आले नव्हते, त्याच खंबायतच्या शब्दाने तिची सुटका झाली. यशवंतरावांच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे आहे : धमकी त्यांनी दिली, पण बेगमेला सुखरूप जाऊ दिले.

दरम्यान ज्या चौथाईपायी हे सारे घडले तीच हातची गेली. १८०० मध्ये सुरतेचा कारभार इंग्रजांनी घेतला होता आणि १८०२ च्या अखेरीस झालेल्या वसईच्या तहाने सुरत व खंबायत येथील पेशव्यांचे हक्क कंपनीकडे गेले.

जोडप्याने पुढे उत्तरेत कासगंज येथे संसार थाटला. गार्डनरने १८०९ मध्ये उभारलेले घोडदळ आजही भारतीय सैन्यात 'सेकंड लान्सर्स' म्हणून त्याचे नाव चालविते. बादशहा अकबरशहाने बेगमेला मानसकन्या मानले. मुलगे ख्रिस्ती आणि मुली मुसलमान, अशी घराची वाटणी होती. गार्डनरने दुसरे लग्न केले नाही. आपल्या एकपत्नीत्वाचे मुसलमान शेजाऱ्यांना नवल वाटते, असे तो थट्टेने लिही. त्याच काळी हैदराबादेत रेसिडेंट कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांचाही असाच विवाह झाला होता. १८०५ मध्ये तिची मुले विलायतेला पाठविली गेली, त्याच साली नवरा कलकत्त्यास वारला आणि ती एकाकी अवस्थेत १८१३ मध्ये गेली. तिच्या मानाने खंबायतच्या मुलीचे दैव थोर म्हणायचे. मात्र ते दैव, आणि नवऱ्याची सज्जनता. तिच्या हक्काचे म्हणावे असे त्यात थोडेच होते.

इंग्रजी पुस्तकांत तिचे नाव धड एका तऱ्हेने लिहिलेले नाही. माह मंजिल-उन्-निसा असे ते असावे. १८३५ च्या प्रारंभी फॅनी पार्क्स कासगंजला गेली तेव्हा बेगम नातीच्या लग्नाच्या धांदलीत होती. नात दिल्लीच्या एका शहजाद्याला दिली होती. त्याच वर्षी २९ जुलै रोजी गार्डनर वारला. महिनाभराने बेगमही गेली.