वायोमिंगचा शिकार-कायदा आणि समतेचे दोन निवाडे

वायोमिंग हे अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ आणि विरळ वस्तीचे राज्य. त्याच्या राजमुद्रेवर 'समान हक्क' असे शब्द आहेत. ते अगदीच पोकळ आहेत असे म्हणता येणार नाही. अजून राज्याचा दर्जाही मिळाला नव्हता त्या काळात, १८६९ साली, या प्रदेशाने स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला. म्हणून त्याला 'समतेचे राज्य' असे टोपणनावही पडले. याच राज्याने १८९५ साली शिकारीच्या हंगामाचा एक कायदा केला. त्या कायद्यावरून जो खटला उभा राहिला त्यात समता या शब्दाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

शिकारीचा हंगाम हा विषय आपल्या चळवळीच्या वाचकाला परका वाटेल. पण तो समजायला अवघड नाही. कोणता प्राणी, कोणत्या टापूत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, नर की मादी, किती आणि कोणत्या परवान्यावर मारायचा हे सरकार ठरवते. एरवीच्या काळात तोच प्राणी मारला तर तो गुन्हा. वायोमिंगमध्ये आजही ही व्यवस्था फार तपशिलाने चालते. राज्याचे शिकारीचे टापू पाडलेले असतात, प्रत्येक टापूच्या तारखा वेगळ्या, आणि पुष्कळशा परवान्यांसाठी सोडत काढतात. बाहेरच्या राज्यातला माणूस मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी राखलेल्या निबिड रानात जाणार असेल तर त्याला स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. ही शेवटची अट लक्षात ठेवावी. वाटाड्याचा धंदा पुढे येणार आहे.

प्राणी टिकावेत हा अशा कायद्यांचा सांगितलेला हेतू आणि तो खोटा नाही. १८७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गोऱ्या चामडेविक्यांनी लाखोंच्या कळपांनी फिरणारे बायसन जवळपास संपवून टाकले होते. निर्बंध हवेच होते. प्रश्न असा की, ज्यांनी संहार केला त्यांच्यावर निर्बंध आले की ज्यांचे पोट त्या संहाराने रिकामे झाले त्यांच्यावर?

आपण ज्यांना सवयीने 'रेड इंडियन' म्हणतो त्या मूळनिवासी जमातींपैकी शोशोनी आणि बॅनॉक यांच्याशी अमेरिकेच्या सरकारने १८६८ साली फोर्ट ब्रिजर येथे तह केला. जमातींनी आपला अफाट मुलूख सोडला आणि मर्यादित राखीव मुलुखात राहण्याचे कबूल केले. मोबदल्यात इतर गोष्टींबरोबर एक वचन मिळाले. अमेरिकेच्या मालकीच्या, वस्ती नसलेल्या जमिनीवर, जोवर तेथे शिकार सापडेल आणि जोवर दोन्ही बाजूंत शांतता नांदेल, तोवर त्यांना शिकारीचा हक्क राहील. हा दानधर्म नव्हता, जमिनीची किंमत होती. तहाच्या कागदांची तऱ्हा काय होती हे कळायला एक उदाहरण पुरे. बॅनॉक लोक ज्या कॅमास कुरणातले कंद खणून पोट भरत, त्या कुरणाचे नाव याच तहात 'कॅन्सस' असे लिहिले गेले. कुरण गोऱ्यांच्या डुकरांनी उकरले आणि १८७८ साली त्यापायी युद्ध पेटले. कारकुनाची एक चूक, पण तिची किंमत कारकुनाने मोजली नाही.

आयडाहोतील फोर्ट हॉल येथे बॅनॉकांना सरकारी शिधा मिळे. तो पुरत नसे. म्हणून बायकामुलांसह माणसे जॅक्सन होलच्या खोऱ्याकडे एल्कच्या शिकारीला जात. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून थोराड असे हरीण. मांस वाळवून हिवाळ्यासाठी ठेवायचे, कातडी कमवून कपडे आणि मोकॅसिन करायचे, असा हा वर्षाचा क्रम होता. पण १८९० साली वायोमिंग राज्य झाले. जॅक्सन होलमध्ये गोरी वस्ती वाढू लागली आणि तिथल्या पुष्कळांचा रोख पैशाचा धंदा होता वाटाड्याचा. पूर्वेकडचे आणि विलायतेतले श्रीमंत लोक शिंगे भिंतीवर टांगण्यासाठी येत. त्यांना रान दाखवायचे आणि पैसे घ्यायचे. या धंद्याला बॅनॉकांची अडचण होत होती. १८९५ च्या कायद्याने शिकारीचा हंगाम बांधून दिला, उन्हाळा बंद केला आणि गोऱ्या वाटाड्यांच्या हाती हत्यार आले.

त्या उन्हाळ्यात प्रथम काही बॅनॉकांना पकडून दंड झाला. मग जुलैच्या मध्यास कॉन्स्टेबल विल्यम मॅनिंग याने पंचवीसहून अधिक हत्यारबंद गोऱ्यांसह एका बॅनॉक तळाला वेढा घातला. तळावर बायका होत्या, मुले होती. सर्वांना निःशस्त्र करून चालवत नेले. वाटेत गोऱ्यांनी बंदुका भरलेल्या पाहून आता आपल्याला मारणार असे त्या लोकांना वाटले आणि ते रानात पळाले. गोळीबार झाला. एक म्हातारा ठार झाला, एक जण जखमी झाला, दोन लहानगी मुले हरवली. त्यातले एकच पुढे सापडले. मॅनिंगने नंतर चौकशीत जे सांगितले त्याचा आशय असा : कोणीतरी मरणार हे आम्हाला ठाऊक होते, आणि ते लवकर झाले तर प्रकरण कोर्टात जाईल असे आम्ही ठरवले होते. केंद्र सरकारच्या इंडियन खात्याच्या अहवालातच हे नमूद झाले, आणि वाटाड्यांच्या धंद्याची गोष्टही तेथेच नमूद झाली. दरम्यान वृत्तपत्रांनी जॅक्सन होलमधील सर्व गोऱ्यांची कत्तल झाल्याची बातमी छापली होती. लष्कर धावले. कत्तल वगैरे काही झालेली नव्हती. म्हाताऱ्याला मारल्याबद्दल कोणावरही खटला झाला नाही.

खटला झाला तो रेस हॉर्स या बॅनॉक माणसावर. १ जुलै १८९५ रोजी युइंटा परगण्यात सात एल्क मारले हा त्याचा गुन्हा. तहातल्या वचनाला राज्याचा कायदा मोडू शकतो काय, याचा एकदाचा निकाल लागावा म्हणून राज्य आणि केंद्र यांच्या संमतीनेच हे प्रकरण कोर्टात नेण्यात आले. खालच्या संघीय न्यायालयाने तह मोठा मानून रेस हॉर्सला सोडले. शेरीफ वॉर्ड याच्या नावाने अपील झाले आणि २५ मे १८९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला.

निकालपत्र न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट यांचे. तरुणपणी ते गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या फौजेत होते. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. वायोमिंग संघराज्यात आले ते मूळ राज्यांच्या समान पातळीवर. इतर राज्यांना आपल्या हद्दीतील शिकारीवर सत्ता आहे, तेव्हा ती वायोमिंगलाही पूर्णच हवी. बॅनॉकांचा हक्क त्या सत्तेला छेद देतो, म्हणून राज्य जन्मले त्या दिवशी तो हक्क संपला. शिवाय तो हक्क मुळातच तात्पुरता होता.

म्हणजे समता होती, पण ती राज्याराज्यांतली. त्या समतेच्या तराजूत माणूस घातलेलाच नव्हता. रेस हॉर्स तर अमेरिकेचा नागरिकही नव्हता. सर्व मूळनिवासींना नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली. ज्या भूमीवर त्याचे पूर्वज राहिले त्या भूमीवर पाच वर्षांपूर्वी निर्माण झालेले राज्य कोर्टापुढे आले आणि म्हणाले, याच्या हक्कामुळे माझी समता भंगते! आपल्याकडे राखीव जागांविरुद्ध बोलणारा माणूसही हाच शब्द जिभेवर घेऊन येतो, हे वाचकाला सांगायला नको.

या निकालाच्या बरोबर सात दिवस आधी, १८ मे १८९६ रोजी, त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन; तेव्हापासून काळ्यांच्या लढ्याचा इतिहास आपल्या नियतकालिकांत येत राहिला, म्हणून तो निकाल काहींना ठाऊक असेल. तो प्लेसी खटल्याचा. लुइझियानात होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून त्याला अटक झाली होती. डबे वेगळे असले तरी समान असले म्हणजे घटनेचा भंग होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. वेगळे पण समान! पाणवठ्याचा इतिहास ज्यांनी सोसला आहे त्यांना या शब्दांचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही.

प्लेसीचा निकाल लिहिला न्यायमूर्ती हेन्री ब्राउन यांनी. त्याला एकट्याने विरोध केला तो न्यायमूर्ती जॉन हार्लन यांनी, आणि त्या भिन्नमतामुळे हार्लन यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आता आठवड्यानंतरच्या निकालाकडे पाहावे. रेस हॉर्सच्या बाजूने एकच न्यायमूर्ती उभे राहिले. ते हार्लन नव्हते, ब्राउन होते. केलेला करार सरकारने उघडपणे मोडला नसेल तर तो मोडला असे गृहीत धरू नये, राज्याने आपली भूमी त्या बोज्यासकटच घेतली आहे, असे ब्राउन यांनी बजावले. हार्लन मात्र व्हाइट यांच्या बाजूने गप्प बसून राहिले.

ब्राउन यांना चांगले ठरवण्यासाठी हे सांगत नाही. त्यांना करार दिसत होता, पण डब्यातला माणूस दिसत नव्हता. हार्लन यांना काळ्याचा अपमान दिसला, पण बॅनॉकाची भूक दिसली नाही. (त्यांच्या त्याच गाजलेल्या भिन्नमतात चिन्यांबद्दलची तुच्छताही आहे, ती उद्धृत करणारे वगळतात.) एका शोषिताची बाजू घेणारा दुसऱ्याची घेईलच असे मानून चालता येत नाही. हे आपल्या चळवळीतही तपासून पाहावे. पारध्याच्या पाड्यावर आपण किती वेळा गेलो? १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरल्या आणि साहेबाची शिकार मात्र खेळ राहिली. तो कायदा १९५२ साली गेला तरी पारध्याच्या कपाळावरचा शिक्का पुरता पुसला गेलेला नाही.

एल्कचे काय झाले? बॅनॉक हटले म्हणून एल्क सुरक्षित झाले नाहीत. एल्कला दोन सुळ्यांसारखे दात असतात. क्रो स्त्रियांच्या पोशाखावर हे दात मानाने शिवलेले असत. एका जनावराचे दोनच, म्हणून असा पोशाख म्हणजे घरच्या शिकाऱ्याच्या कित्येक वर्षांच्या कष्टांची नोंदच. पुढे 'एल्क' याच नावाच्या गोऱ्यांच्या एका मोठ्या बंधुमंडळाचे सभासद घड्याळाच्या साखळीला हे दात लावू लागले आणि बाजार तयार झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जॅक्सन होलमध्ये दातांसाठी एल्क मारून धड तसेच सडत टाकणाऱ्या गोऱ्या टोळ्या होत्या. त्याहून मोठा घाव कुंपणांचा. एल्क हिवाळ्यात ज्या सखल कुरणांत उतरत ती कुरणे वसाहतवाल्यांनी घेतली, आणि कडक हिवाळ्यांत कळप उपाशी मरू लागले. १९१२ साली केंद्र सरकारला तेथे एल्कसाठी राखीव कुरण करावे लागले. हंगामाचा कायदा त्या सर्व काळात लागू होताच.

प्लेसीचा निकाल १९५४ साली मोडला गेला. त्यामागे काळ्यांची संघटना होती, वकील होते, अनेक वर्षांचा लढा होता. रेस हॉर्सचा निकाल मात्र जगत राहिला. १९८९ साली क्रो जमातीच्या एका माणसाने बिगहॉर्न जंगलात परवान्याशिवाय एल्क मारला. १९९५ साली संघीय अपील न्यायालयाने रेस हॉर्सचाच आधार घेऊन क्रोंचा १८६८ च्या तहातला हक्क संपल्याचे सांगितले. त्या तहात क्रोंनी तीन कोटी एकरांहून अधिक मुलूख सोडला होता. दुसऱ्या एका राज्यात, विस्कॉन्सिनमध्ये, १९८३ साली न्यायालयाने ओजिब्वे जमातीचा तहातला शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क मान्य केला, तेव्हा तळ्यांच्या काठी गोऱ्यांचे जमाव जमले. शिव्या झाल्या, दगडफेक झाली. विरोधकांच्या एका संघटनेने आपल्या नावातच 'सर्वांना समान हक्क' हे शब्द घेतले होते.

१९९९ साली मिनेसोटातील मिल लॅक्स जमातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की राज्य जन्मल्याने तह आपोआप मरत नाही. तरी वायोमिंग ऐकेना. जानेवारी २०१४ मध्ये क्लेव्हिन हरेरा हा क्रो शिकारी मोंटानातील आपल्या राखीव मुलुखातून एल्कचा माग काढत कुंपण ओलांडून बिगहॉर्न जंगलात आला आणि मांसासाठी त्याने एल्क मारला. हंगाम बंद होता. खालच्या कोर्टाने त्याला तहाचा बचाव मांडूच दिला नाही. ८,०८० डॉलर दंड, वर्षभराची स्थगित कैद आणि तीन वर्षे शिकारबंदी अशी शिक्षा झाली. २० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार अशा मतांनीच, ती रद्द केली. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी निकालपत्रात रेस हॉर्सचा तो सिद्धान्त आता संपला असे स्पष्ट लिहिले. त्याला संपायला एकशेतेवीस वर्षांहून अधिक काळ लागला.

पण प्रकरण तेथे मिटले नाही. हरेराने एल्क मारला ती नेमकी जागा 'वस्ती असलेली' होती काय, आणि प्राणी टिकवण्यासाठी क्रो शिकाऱ्यांवरही हंगामाचा नियम लादणे राज्याला अपरिहार्य आहे काय, हे दोन प्रश्न न्यायालयाने उघडे ठेवले आणि खटला वायोमिंगच्याच कोर्टाकडे परत पाठवला.