एकाधिकार खरेदी गेली, मग कापूस पणन महासंघ काय करतो?
एकेकाळी अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्याला कापूस व्यापाऱ्याला विकायला कायद्याने बंदी होती. १९७२ला सुरू झालेल्या एकाधिकार योजनेत राज्यातला कापूस सरकारी यंत्रणाच घ्यायची. पुढे हे काम पणन महासंघाकडे आलं. चुकारे रखडायचे, तोटाही वाढत गेला. २००२मध्ये खासगी व्यापाऱ्यांना मोकळीक मिळाली आणि महासंघाचा मक्ता संपला.

मग त्याने भूमिका बदलली: केंद्र सरकारच्या ‘सीसीआय’चा उपएजंट म्हणून हमीभावाने खरेदी. त्यामुळे बाजारात भाव चढा असला की महासंघाकडे शुकशुकाट, पडला की गाड्यांची रांग. खरी अडचण इथेच आहे. गरज कधी पडेल सांगता येत नाही, पण ग्रेडर आणि जिनिंगची सोय आधीच लागते. केंद्र उशिरा उघडलं, तर नड असलेल्याचा कापूस तोवर व्यापाऱ्याकडे गेलेला असतो, मिळेल त्या भावात.