कीटकनाशक निवडताना भिंत, फरशी अन् लाकूडही पाहा

सोलापूर : घरात झुरळ, ढेकूण वा वाळवी दिसू लागली, की दुकानदाराला औषधाचे नाव विचारले जाते. ते कोठे मारावयाचे आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वस्तुतः विषारी घटक एकच असला, तरी तो कोणत्या स्वरूपात मिळतो यावर औषधाचा गुण आणि वस्तूंची हानी दोन्ही अवलंबून असतात.

‘ईसी’ या प्रकारात घटक सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला असतो. पाण्यात ओतताच मिश्रण दुधासारखे होते. त्याचा वास उग्र असतो. हा द्रावक तैलरंग, पॉलिश, प्लॅस्टिक व रबर यांवर डाग पाडू शकतो. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींत तो शोषला जातो आणि पृष्ठभागावर औषध फारसे उरत नाही. मलेरिया निर्मूलनाच्या फवारणीत डीडीटीची ५० टक्के भुकटी पाण्यात कालवून वापरली गेली, त्यामागे हेच कारण. भुकटी भिंतीवर राहते. गडद सनमायकावर मात्र तिचे पांढरे ओघळ उठतात. ताज्या चुन्याच्या भिंतीवर मॅलेथिऑन लवकर विघटित होते, हेही ध्यानात ठेवावे.

रंगवलेल्या खोल्यांसाठी त्यामानाने ‘एससी’ बरे. त्यात बारीक कण पाण्यात तरंगत असतात. वास व डाग कमी. सच्छिद्र सिमेंटसाठी सूक्ष्म कुप्यांतले ‘सीएस’ उपयोगी पडते. फ्रीज, मिक्सर यांच्यालगत फवारणी नकोच. तेथे झुरळांसाठीच्या जेलचे ठिपके पुरतात. जेलजवळ फवारा मारल्यास झुरळे त्याकडे फिरकत नाहीत.

खरा धोका निराळाच आहे. सोलापूरकरांपैकी अनेकांची शेती सांगोला, पंढरपूर, मोहोळकडे आहे. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत उरलेली बाटली ढेकणांसाठी घरी आणण्याचा मोह होतो. शिवारात ऊन-पावसाने विरणारे औषध बंद खोलीत दीर्घकाळ टिकते, आणि रांगते मूल त्याच फरशीवर असते. डब्यावरील त्रिकोण पाहावा: लाल अतिजहाल, मग पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम असतो. डायक्लोरव्हॉसवर तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदीच आहे.

सोलापुरी चादरी, उशा व गाद्या फवारणीपूर्वी खोलीबाहेर काढाव्यात. लाकडी पलंगावर प्रथम खालच्या, न दिसणाऱ्या भागी थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी.