फेलो, मास्टर आणि झाडूचा दांडा

१३ जून २०१६ रोजी अमेरिकेच्या न्यू हेवन शहरात, येल विद्यापीठाच्या कॅल्हून कॉलेजात कोरी मेनाफी नावाच्या कृष्णवर्णीय कामगाराने झाडूच्या दांड्याने भोजनगृहातील रंगीत काचेची एक तावदानी फोडली. तावदानीवर कापूस वाहून नेणारे गुलाम स्त्री-पुरुष चितारलेले होते. मेनाफी तिथे भांडी घासत असे. त्याला अटक झाली, नोकरी सोडावी लागली.

या घटनेचा इतिहास लिहायचा तर त्या भोजनगृहात मानाने जेवायला बसणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. त्यांना तिथे 'फेलो' म्हणतात.

येलमधील निवासी कॉलेज म्हणजे आपल्याकडचे वसतिगृह नव्हे. पदवी विद्यापीठाची, पण राहणे, जेवणे, ओळख सांगणे कॉलेजच्या नावाने. कॉलेजचा प्रमुख आणि डीन आवारातच राहतात. शिवाय विद्यापीठातील प्राध्यापक, ग्रंथपाल, अधिकारी हे फेलो म्हणून त्या घराशी जोडलेले असतात. ते विद्यार्थ्यांबरोबर जेवतात, नवख्यांना सल्ला देतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा हा नमुना एडवर्ड हार्कनेस या धनिकाच्या देणगीतून येलने उचलला. पैसा स्टँडर्ड ऑइलचा. १९३३ साली पहिली सात कॉलेजे उघडली.

कल्पना वाईट नव्हती. ज्ञान वर्गात मिळते त्याहून अधिक पंगतीत मिळते, हे माझ्यासारख्या घरातल्या पहिल्या पदवीधराला कुणी सांगायला नको. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे द्यायचा, एम. ए.ला विषय कोणता घ्यायचा, हे सवर्ण मुलाला घरच्या जेवणावर कळते. आम्हाला ते सांगणारे घरी कुणी नव्हते, आणि आमचे रेक्टर मेसमध्ये कधी जेवले नाहीत. म्हणून फेलो या पदाची मी थट्टा करणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, पंगत कुणाची?

सातांपैकी एका कॉलेजाला नाव दिले गेले जॉन सी. कॅल्हून याचे. हा १८०४ सालचा येलचा पदवीधर, पुढे अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. गुलामगिरी हे नाइलाजाने सोसायचे पाप नसून प्रत्यक्ष हितकारक व्यवस्था आहे, असे त्याने १८३७ साली सिनेटमध्ये मांडले. आपल्याकडे अस्पृश्यतेला धर्म म्हणणारे पंडित होऊन गेले, त्याच जातकुळीचा हा विद्वान! त्याच्या नावाखाली, कापूस वाहणाऱ्या गुलामांच्या चित्राखाली विद्वानांच्या पिढ्या जेवून उठल्या.

१९७३ साली एक विलक्षण गोष्ट घडली. इंग्रजी आणि आफ्रो-अमेरिकन साहित्याचे प्राध्यापक चार्ल्स टी. डेव्हिस या कॉलेजचे प्रमुख झाले. येलच्या निवासी कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख! या पदाचे नाव तेव्हा होते 'मास्टर'. गुलामांच्या मालकाच्या नावाच्या घरात कृष्णवर्णीय मास्टर. कुणी याला काळाने उगवलेला सूड म्हणेल. मला तसे वाटत नाही. डेव्हिस यांचे कर्तृत्व मोठेच. पण ते आले तरी नाव तेच राहिले, काचाही त्याच राहिल्या.

आपल्या भाषेत 'मास्तर' म्हटले की डोळ्यांपुढे शाळेतला गुरुजी येतो. येलनेही हा शब्द लॅटिनमधून आला, त्याचा अर्थ शिक्षक, असेच सांगितले. पण ज्यांच्या पणजोबांनी मळ्यावर हाच शब्द हात जोडून उच्चारला, त्यांच्या कानांना लॅटिन कसे ऐकू येणार? २०१५ साली पिअर्सन कॉलेजचे प्रमुख स्टीफन डेव्हिस यांनीच मला मास्टर म्हणू नका, असे विद्यार्थ्यांना सांगितले. एप्रिल २०१६ मध्ये विद्यापीठाने ती पदवी रद्द केली. त्याच घोषणेत कॅल्हूनचे नाव मात्र कायम ठेवले!

विद्यार्थी चिडले. अनेक प्राध्यापकांनी विरोध नोंदवला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण प्राध्यापकाच्या सहीला जोखीम किती? मेनाफीची भाकरी गेली. तो स्वतः पदवीधर होता. ज्या टेबलांवरची ताटे तो उचलत होता, तिथे फेलो म्हणून बसायला लागणारी विद्या त्याच्यापाशी नव्हती, असे कोण म्हणेल? फेलोंमध्ये 'स्टाफ' असतो म्हणतात. भांडी घासणारा त्या शब्दात बसत नाही.

ऑगस्टमध्ये समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नाव बदलले. कॉलेज आता संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी उघडलेल्या एका नव्या कॉलेजला पॉली मरे या कृष्णवर्णीय कायदेपंडित स्त्रीचे नाव मिळाले. एप्रिलमधला नकार फेब्रुवारीत होकार झाला. दहा महिने! मराठवाडा विद्यापीठाचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मध्ये पोचिराम कांबळे गेले, जनार्दन मवाडे गेले, वस्त्या जळाल्या. तिथे जुलमाची भलावण करणाऱ्याचे नाव पुसायचे होते, इथे मुक्तिदात्याचे नाव द्यायचे होते, आणि तरीही इथेच रक्त सांडले.

मेनाफीवरील खटला मागे घेण्यात आला. जुलै २०१६ मध्येच त्याला पुन्हा कामावर घेतले गेले. पण त्या कॉलेजात नव्हे, दुसऱ्या ठिकाणी.